जुन्या आरएक्स १०० चं इनटेक रबर: जेट बदलण्याआधी हे बघा

घाटवाट

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. थ्रॉटल सोडला तरी रेस पटकन उतरत नाही. गाडी तापली की आयडल आपोआप चढतो. सकाळी चोक जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो आणि प्लग काढून बघावा तर पांढरा पडलेला. मग कार्ब्युरेटर खोलून धुतला जातो, मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, एक नंबर मोठा टाकला जातो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. असे कितीतरी कार्ब्युरेटर मी पाहिलेत, ज्यांच्या स्क्रूंची डोकी उघडझाक करून गोल झालीत आणि दोष मात्र हातभर अंतरावरच्या रबरात तसाच बसून आहे.

मी आरएक्स १०० बद्दल लिहितोय, कारण माझा हात त्याच गाडीवर बसलाय. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात ती इथे बनवली. म्हणजे सगळ्यात शेवटची गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. ९८ सीसीचं इंजिन, मिकुनीचा कार्ब्युरेटर, आणि इंजिनमध्ये शिरायच्या आधी रीड व्हॉल्व्ह, म्हणजे पातळ पाकळ्यांची एकाच बाजूने उघडणारी झडप. कार्ब्युरेटर आणि रीड यांच्यामध्ये जो रबरी जॉइंट असतो, तेच इनटेक रबर. त्याला एका बाजूने धातूची फ्लँज, म्हणजे बोल्टाने बसणारी सपाट पट्टी, असते आणि दुसऱ्या बाजूने कार्ब्युरेटरचं तोंड आत घुसतं. कार्ब्युरेटरच्या मागे एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जाणारं दुसरं रबर. दोन्ही रबरंच, पण दोघांचे दोष वेगळे, हे आधी नीट समजून घ्या.

पुढच्या जॉइंटला चीर गेली की इंजिन तिथून हवा ओढतं. त्या हवेत पेट्रोल नसतं, कारण ती कार्ब्युरेटरला वळसा घालून आलेली असते. मिश्रण पातळ होतं, जळताना उष्णता वाढते आणि टू-स्ट्रोकमध्ये याचा शेवट पिस्टन जाम होण्यात होतो. आयडलला कार्ब्युरेटरमधून जाणारी हवाच थोडी असते, म्हणून बारीक चीरसुद्धा तिथे लगेच जाणवते. वेगात तीच चीर जाणवत नाही. गाडी उलट हलकी, मोकळी पळतेय असं वाटतं. चालवणारा खूश असतो आणि आत पिस्टनचं डोकं तापत असतं. माझ्या मते या गाडीत यापेक्षा फसवं दुसरं काही नाही.

मागचं रबर फाटलं तर मिश्रण थोडं बिघडतं, पण खरा धोका धुळीचा. फिल्टरला चुकवून आत गेलेली धूळ बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खाते. मागच्या रबरात आतून बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली, तर फिल्टर कितीही नवा असो, हवा दुसरीकडून येतेय.

पुढचा जॉइंट गाडीवर असताना वरून बघून काही कळत नाही. चीर बहुतेक वेळा खालच्या अंगाला, रबर जिथे फ्लँजला चिकटवलेलं असतं त्या कडेला जाते, कारण कार्ब्युरेटरचं वजन तिथेच लोंबतं. काढून हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि अंगठ्याने तोंड वरच्या बाजूला वाकवा. सरळ असताना नुसती केसाएवढी रेघ दिसत होती ती उघडते आणि आतला फिका, कोरडा भाग दिसतो. रबर आणि धातू यांच्यामध्ये नख शिरत असेल तर तो जॉइंट संपला. कार्ब्युरेटरच्या तोंडावर एखादा चकचकीत घासलेला पट्टा दिसला, तर कार्ब्युरेटर आत हलत होता असं समजा.

नवीन जॉइंट बसवताना मी ज्यावर अडून बसतो ते सांगतो. फ्लँज सपाट हवी. बाजारातल्या पुष्कळ जॉइंटची नसते. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठाच्या आकड्यात फिरवायची. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झाली. जुनं पॅकिंग खरवडताना रीडच्या तोंडात चिंधी कोंबा, एक कणही आत जाता कामा नये. रीड हातात आलीच आहे तर पाकळ्या उजेडाला धरून बघा, टोकं तुटली असतील किंवा फट दिसत असेल तर रबर बदलून अर्धंच काम होईल. पॅकिंग दरवेळी नवं. बोल्ट हाताने सगळे लावून घ्यायचे आणि मग तिरके, आळीपाळीने कसायचे. सहा एमएमच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. लांब पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच.

मग कार्ब्युरेटर. तो आतल्या खांद्याला टेकेपर्यंत सरळ गेला पाहिजे आणि उभा राहिला पाहिजे. तिरपा बसला तर फ्लोटची पातळी, म्हणजे बाऊलमधल्या पेट्रोलची उंची, चुकते. पट्टी क्लिप कसायची ती तो पूर्ण टेकल्यावर. अर्धवट बसलेला कार्ब्युरेटर क्लिप आवळून आत ओढला जाईल या भरवशावर राहू नका, तो ओढला जात नाही, रबराची कड दुमडते.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी भर घालावी. ज्यांना अडचण आहे त्यांनी लक्षणं सविस्तर लिहावीत.

वऱ्हाडी

फार उपयोगी धागा. आमच्या अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गाडी उन्हात उभी राहिली की रबरं लवकर कडक होतात असा अनुभव आहे. माझी अडचण मागच्या रबराची आहे. नवीन आणलंय, पण डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये ते घालायला जागाच नाही. जोर लावला तर पुढून कार्ब्युरेटर निघून येतो. ग्रीस लावू का?

उद्यमनगरकर

वऱ्हाडी भाऊ, ग्रीस नको, इंजिन ऑइल तर त्याहून नको. खनिज तेलानं साधं रबर फुगतंय आणि पोचट होतंय. साबणाचं पाणी घ्या, नाहीतर सिलिकॉन ग्रीसचा अगदी हलका हात.

आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात माझी सगळी उमर लेथ आणि गाड्यांत गेली, म्हणून सांगतो. जोर लावायचं हे काम न्हवंच. आधी फिल्टरच्या डब्याचे बोल्ट ढिले करा. पूर्ण काढायचे न्हाईत, डबा मागं बोटभर सरकला की बास. रबर गरम पाण्यात ठेवा, हात घालवंल न घालवंल एवढं गरम. उकळीत टाकू नका. मऊ झालं की आधी डब्याच्या बाजूला बसवा आणि पुढची कड आतल्या आत मागं मुडपा. आता कार्ब्युरेटर पुढच्या जॉइंटमध्ये शेवटपर्यंत घाला, क्लिप लावा. मग मुडपलेली कड बोटानं पुढं ओढून कार्ब्युरेटरच्या मागच्या तोंडावर चढवा. शेवटी डबा पुढं ढकलून बोल्ट कसा. लोक उलटं करत्यात, दोन्ही रबरांच्या मधे कार्ब्युरेटर कोंबायला बघत्यात आणि मग स्क्रू ड्रायव्हर घालून रबर ढकलत्यात. त्या टोकानं आतनं कापलेलं रबर बाहेरनं कधीच दिसत न्हाई.

बसवल्यावर कडेनं पूर्ण वळसा घालून बोट फिरवा. खालच्या बाजूला कड आत मुडपलेली ऱ्हाते, ती डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला कळती.

वऱ्हाडी

झालं! डबा ढिला करायचं डोक्यातच आलं नव्हतं. गरम पाण्याने रबर एकदम वळायला लागलं. बोट फिरवल्यावर खरंच खाली एका जागी कड आत गेलेली सापडली. मनापासून आभार काका.

निळी_आरएक्स

नमस्कार. माझ्याकडे बाबांची १९९४ ची आरएक्स आहे, चिपळूणला. रोज वापरते. घाटवाट यांनी लिहिलेली लक्षणं तंतोतंत आहेत, विशेषतः रेस लटकून राहणं. परशुराम घाट उतरून खाली सिग्नलला थांबले की इंजिन आपलं रेसमध्येच. इथल्या एका गॅरेजमध्ये जॉइंटला बाहेरून लाल सिलिकॉन फासून दिलं. महिनाभर ठीक होतं, आता परत तसंच. बाहेरून सगळं लाल लगद्याने भरलंय. हे काढून टाकावं का? आणि नवीन जॉइंट बसवताना आतून थोडं सिलिकॉन लावलं तर जास्त पक्कं होईल का?

घाटवाट

ताई, सगळं काढा. पॅकिंगसाठी मिळणारं साधं लाल सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. फुगतं, चिकटपणा सोडतं आणि तुकडे पडतात. बाहेरचा तुकडा जमिनीवर पडेल, आतल्या बाजूचा सरळ रीडमध्ये जाईल. पाकळीखाली अडकला तर रीड बंदच होणार नाही. शिवाय बाहेरून फासलेल्या थराखाली चीर वाढत राहते आणि ती बघायची सोयही उरत नाही.

आतून लावायचा तर प्रश्नच नको. कार्ब्युरेटरचं तोंड रबरात कोरडं बसलं पाहिजे. तिथे गळतं म्हणजे रबर कडक झालंय, माप चुकलंय, क्लिप गेलीय किंवा तोंडाला खड्डे आहेत. यातलं जे असेल ते दुरुस्त करायचं.

सह्यकडा

थोडी असहमती. फ्लँज आणि रीडच्या मध्ये मी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी पेट्रोल सहन करणारं, न वाळणारं सीलंट अगदी पातळ लावतो. सिलिकॉन नव्हे. जुन्या इंजिनाच्या धातूवर चरे पडलेले असतात, नुसतं कोरडं पॅकिंग दरवेळी भागवत नाही. बरीच वर्षं हे चाललंय आणि त्रास नाही.

घाटवाट

फ्लँजच्या बाजूला मान्य. धातूवर धातू, मध्ये पॅकिंग, तिथे पातळ हात चालेल. फक्त बोल्ट कसल्यावर आतल्या कडेला गोळा येणार नाही एवढंच लावा. माझा विरोध रबराच्या तोंडात काहीही लावायला आहे.

मुक्काम_बेळगाव

नवीन जॉइंट सगळीकडे मिळत नाही आणि मिळाला तरी दर्जाची खात्री नसते. मूळ कंपनीचा जुना जॉइंट चिरलेला नसेल, नुसता कडक झाला असेल, तर एक उपाय करून बघण्यासारखा आहे. गंधपुरा तेल. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतं, पाठदुखीच्या मलमाचा वास येतो तेच. एक भाग तेल आणि तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, काचेच्या बरणीत रबर बुडवून रात्रभर. सकाळी रबर पुन्हा वाकायला लागतं. मग पुसून एक दिवस मोकळ्या हवेत ठेवायचं.

दोन गोष्टी जपा. हे तेल पोटात गेलं तर थोडंसुद्धा घातक असतं, तेव्हा बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि अल्कोहोल पेट घेतं, स्वयंपाकघरात हा उद्योग नको.

उद्यमनगरकर

बेळगावकर बरोबर सांगत्यात, पण ही कायमची दुरुस्ती समजू नये. रबर थोडं फुगतंय, काही महिन्यांनी परत कडक. मी हे मागच्या, डब्याकडच्या रबराला करतो. पुढच्या जॉइंटला न्हाई. तिथं दीड-दोन हजाराचा पिस्टन आणि बोअरचं काम पणाला लावून रबराचे पैसे वाचवायचे व्हय?

जॉइंट घेताना दुकानात उभं राहूनच बघा. आतलं भोक गुळगुळीत हाय का, साच्याची रेघ उंच आलीय का, फ्लँजची बोल्टाची भोकं जुन्या जॉइंटवर ठेवून जुळत्यात का. जुना जॉइंट खिशात घेऊनच जायाचं. आरएक्स घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचा जॉइंट लागतो असं दुकानदार सांगतो, तवा भोकाचं माप घेतल्याबिगर पैसं देऊ नका.

रेवदंडा

पुण्यात नाना पेठेत चार दुकानं फिरलात तर निवड करायला मिळते. कुरिअरने मागवताना मात्र फ्लँजचा फोटो खालच्या बाजूने मागवा, सगळे वरून काढलेला फोटो पाठवतात.

आणखी एक. मूळ क्लिप नीट असेल तर टाकू नका. पाइपला लावतात त्या आट्यांच्या क्लिपच्या खाचा रबरात रुततात आणि त्याच जागी पुढे चीर जाते. आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप शोधा.

आरडी_जुळे

राजदूत ३५० वाल्यांसाठी भर घालतो. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली ही गाडी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, दोन जॉइंट. एकच चिरला तरी दोन्ही एकदम बदला. एका बाजूला मऊ रबर आणि दुसरीकडे कडक असेल तर कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन, म्हणजे दोन्ही एकसारखे उघडणं, जुळवूनही जुळत नाही. दोन्ही जॉइंटना जोडणारी जी छोटी आडवी नळी आहे ती लोक विसरतात. तीही रबरीच आहे आणि तीही तडकते. जुळ्या इंजिनात एक सिलिंडर पातळ मिश्रणावर चालत असतो आणि दुसरा त्याला ओढून नेतो, त्यामुळे चालवताना पत्ताच लागत नाही. दोन्ही प्लग शेजारी शेजारी ठेवून रंग बघायची सवय लावा.

वऱ्हाडी

एक प्रश्न राहिला. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने ही रबरं लवकर जातात का?

घाटवाट

इथेनॉलमुळे जुन्या काळच्या काही रबरांवर परिणाम होतो हे खरं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशातही जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केटं २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात असं म्हटलं होतं. पण इनटेक जॉइंटपेक्षा मी आधी पेट्रोलची नळी, कॉकमधलं रबर आणि फ्लोट बाऊलचं पॅकिंग तपासीन, कारण ती सतत पेट्रोलमध्ये भिजलेली असतात.

दुसरा परिणाम या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी थोडं पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून पेट्रोल वाढवते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. म्हणजे पूर्वी जी बारीक चीर निभावून जायची, ती आता निभावेलच असं नाही. आधी हवा बंद करा, मग प्लगचा रंग बघून जेटचा विचार करा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बाऊलमधलं पेट्रोल सोडून द्या, इथेनॉल पाणी ओढून घेतं.

निळी_आरएक्स

परत आले. लाल सिलिकॉन काढलं, त्याखाली जॉइंट खालून अर्धा सुटलेला होता. नवीन बसवला, फ्लँज काचेवर घासून, पॅकिंग नवं. कार्ब्युरेटर खांद्याला टेकलाय, बोट फिरवून खात्री केली. चोकचा त्रास गेला. पण रेस लटकणं कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. एअर स्क्रू दीड फेरीवर आहे. आता काय बघू?

सह्यकडा

चालू इंजिनवर जॉइंटच्या भोवती कार्ब क्लीनरची बारीक फवारणी करा. रेस बदलली तर तिथूनच हवा घेतेय.

घाटवाट

सह्यकडा, उपाय बरोबर आहे पण जपून. क्लीनर पेट घेतो आणि सायलेन्सर शेजारीच असतो. इंजिन नुकतंच चालू केलेलं, थंड असताना, उघड्यावर, प्लगचं टोपण घट्ट बसवून आणि नळीने अगदी एक थेंबभरच.

ताई, जॉइंटवर रेस बदलली नाही तर क्रँकचं सील, म्हणजे क्रँकच्या टोकाला हवा अडवणारी रबरी कडी, तपासायची वेळ आलीय. लक्षणं जवळपास सारखीच असतात. डावीकडे मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) मागचं सील गेलं की इंजिन तिथून कोरडी हवा ओढतं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, मग पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी घटते. तुमच्याकडे धूर नसेल तर संशय डावीकडे.

खात्रीची चाचणी दाबाची. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टीने बंद करायचं, कार्ब्युरेटर काढून जॉइंटमध्ये नळी लावलेलं बूच घालायचं, पिस्टन खाली न्यायचा. हातपंपाने ६ पीएसआय दाब भरायचा. सहा मिनिटं टिकला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी सोडत जा, बुडबुडे जागा दाखवतात. मॅग्नेटोचं झाकण आधी काढून ठेवा. दाब १० पर्यंत नेऊ नका, चांगलं सीलसुद्धा जागा सोडेल. कंप्रेसरची नळी तर लावूच नका.

निळी_आरएक्स

केलं. मामाच्या वर्कशॉपमध्ये बूच बनवून घेतलं. दाब लगेच उतरत होता. जॉइंट कोरडा, फ्लँजला काही नाही, मॅग्नेटोच्या मागून बुडबुडे. म्हणजे दोन ठिकाणी गळत होतं. गॅरेजवाल्यांनी मागे मेन जेट मोठा टाकला होता, तो तसाच ठेवू का?

उद्यमनगरकर

पोरी, चांगलं काम केलंस. मॅग्नेटो काढताना पुलरच वापरायला सांग, हातोडीनं ठोकला तर क्रँकची जुळणी जाती. सील घालताना त्याच्या ओठाला थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लाव, कोरडं घालू नको. शाफ्टवर सीलच्या जागी खोबण पडलीय का नखानं बघ. पडली असंल तर नवं सील कणभर आतबाहेर बसवून ओठ ताज्या जागी येईल असं बघावं लागतंय.

घाटवाट

आणि जेट मूळचाच घाला, ताई. मोठा जेट गळणाऱ्या हवेच्या हिशेबाने टाकलेला होता. गळती बंद झाल्यावर तोच जेट गाडी काळी करेल, प्लग ओला होईल, पिकअप जाईल. मूळ जेट, नवा प्लग, एअर स्क्रू दीड फेरीवरून सुरू करून इंजिन तापल्यावर आयडल सगळ्यात स्थिर वाटेल तिथे ठेवा. या कार्ब्युरेटरचा हा स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण दाट होतं. मग एका सरळ रस्त्यावर थोडा वेळ चालवून क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग बघा. विटकरी किंवा तपकिरी आला तर थांबा.

कामाच्या ओघात इंजिनला टू-टी ऑइल पुरवणाऱ्या पंपाची नळी काढली असेल तर पंपावरच्या स्क्रूने हवा काढून टाका, बुडबुडे थांबेपर्यंत. नळी पूर्ण भरल्याची खात्री होईपर्यंत टाकीतल्या पेट्रोलमध्ये लिटरला २० ते २५ मिली टू-टी ऑइल मिसळून चालवा. धूर थोडा जास्त येईल, चालेल. पंपावर बघायला विसरू नका, केबलची खूण जुळलेली हवी.

निळी_आरएक्स

जेटचा नंबर बघून लिहिते. सील उद्या येतंय.